जीवाणूंची भित्तिप्रथिने : स्रवण, स्थैर्य आणि विघटन

प्रश्नाचे स्वरूप

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस नॉर्दर्न टेरिटरी नावाचा जो विस्तीर्ण आणि विरळ वस्तीचा मुलूख आहे, तेथील मूळ रहिवासी समाजाच्या मुलांमध्ये संधिज्वर आणि त्यातून उद्भवणारा हृदयाच्या झडपांचा विकार यांचे प्रमाण जगात नोंदल्या गेलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे, ही गोष्ट त्या सधन देशाच्या आरोग्यखात्याच्या दफ्तरी अनेक वर्षे नमूद होत आली आहे. या विकाराच्या मुळाशी असलेला जीवाणू, स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस, माणसाच्या घशात आणि कातडीवर वस्ती करतो. आणि माणसाच्या पेशींना चिकटणे, रक्तातील प्रथिने ओढून घेणे, भक्षकपेशींना चुकवणे ही त्याची बहुतेक कामे त्याच्या पेशीभित्तीवर उभी असलेली प्रथिने करतात. ही प्रथिने तयार होतात पेशीच्या आत आणि कामाला येतात पेशीच्या बाहेर. म्हणून ती पटलापार कशी जातात, भित्तीवर कशी टिकून राहतात आणि अखेरीस कोण व केव्हा त्यांचा नाश करते, असे तीन प्रश्न उभे राहतात.

गेल्या शंभर वर्षांत या तिन्ही प्रश्नांवर विपुल काम झाले, परंतु ते बहुधा वेगवेगळ्या प्रयोगशाळांत आणि वेगवेगळ्या हेतूंनी झाले. प्रस्तुत लेखात या विषयाची आजची स्थिती पाहावयाची आहे. आणि ज्या एका प्रथिनावर हे तिन्ही प्रश्न एकत्र येतात, व ज्याच्याविषयी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी विशेष काम केले आहे, त्या एम-प्रथिनाला मध्यवर्ती धरूनच ही पाहणी केली आहे.

पूर्वपीठिका

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रिबेका लान्सफील्ड यांनी 1928 साली या जीवाणूच्या पृष्ठभागावरील एम नावाचा प्रतिजन वेगळा ओळखला आणि त्याच्या भेदांवरून जीवाणूचे प्रकार पाडण्याची पद्धत घालून दिली. आज असे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. 1945 साली एस. डी. एलियट यांनी दाखवून दिले की हाच जीवाणू एक प्रथिनविच्छेदक विकर बाहेर टाकतो आणि ते विकर त्याच्या स्वतःच्याच एम-प्रथिनाचा नाश करते. स्वतःच्या संरक्षणाचे मुख्य साधन जीवाणूने स्वतःच मोडावे, यात त्याचा लाभ कोणता, हा पुढे दीर्घकाळ चाललेला वाद त्या निरीक्षणातून जन्मास आला.

त्याच वर्षी, ॲडलेड येथे जन्मलेल्या हॉवर्ड फ्लोरी यांना फ्लेमिंग आणि चेन यांच्यासमवेत पेनिसिलिनच्या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. पेनिसिलिन पेशीभित्ती विणणाऱ्या प्रथिनांना निकामी करते, आणि या जीवाणूपुरते बोलावयाचे तर ते आजही गुणकारी आहे. असे असूनही संधिज्वर हटला नाही, कारण एकदा ज्वर येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा संसर्ग होऊ नये म्हणून दर चार आठवड्यांनी दीर्घपरिणामी पेनिसिलिनचे वेदनादायक इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते, आणि शेकडो मैलांच्या अंतराने विखुरलेल्या वस्त्यांत तो नेम अखंड पाळणे अत्यंत कठीण जाते. डार्विन येथे 1985 साली स्थापन झालेल्या मेंझिस संस्थेने या रोगाचा अभ्यास हाती घेतला. 1997 साली टेरिटरीच्या उत्तर भागात रुग्णांची रीतसर नोंदवही सुरू झाली. आणि 2005 साली जोनाथन कारापेटिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या गणनेत या जीवाणूच्या गंभीर विकारांनी जगभर दरवर्षी पाच लाखांहून अधिक माणसे दगावतात असा अंदाज निघाला. संधिज्वराने झडपा निकामी झालेली मुले आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांनाही अपरिचित नाहीत. लसीची निकड येथून उत्पन्न होते, आणि लसीचे लक्ष्य शोधावयाचे तर भित्तिप्रथिनांकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही.

स्रवण : द्वार एक की अनेक

पेशीबाहेर जावयाच्या प्रथिनाच्या आरंभी एक संकेतखंड असतो, हा सिद्धान्त ग्युंटर ब्लोबेल यांनी 1970 च्या दशकात मांडला आणि त्याबद्दल त्यांना 1999 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पाकिटावरील पत्त्याप्रमाणे हा खंड प्रथिनाची रवानगी ठरवतो. पेशीपटलातील सेक नावाचे द्वार, सेकए या विकराच्या बळावर, प्रथिनाची साखळी घडी न पडलेल्या अवस्थेत बाहेर ढकलते, आणि काम झाल्यावर संकेतखंड कापून टाकला जातो. इतक्या गोष्टीविषयी आज कोणाचा मतभेद नाही.

मतभेद आहे तो हे द्वार पटलावर कोठे असते याविषयी. अमेरिकेतील सेंट लुइस येथील जेसन रॉश आणि मायकेल कॅपॅरॉन यांनी 2004 साली असे प्रतिपादन केले की स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिसच्या पटलावर सेक द्वारे सर्वत्र पसरलेली नसून एका विशिष्ट सूक्ष्म क्षेत्रात एकवटलेली असतात; बाहेर पडलेल्या प्रथिनांना घडी घालण्यास साहाय्य करणारे एचटीआरए हे विकरही तेथेच असते, असे त्यांनी पुढे दाखवले. या मताचे बळ असे की द्वार आणि साहाय्यक एकाच जागी असल्यास उघडी पडलेली साखळी वाया जाण्याचा धोका कमी होतो.

दुसरा पक्ष याहून जुन्या निरीक्षणाचा आधार घेतो. 1962 साली कोल आणि हान यांनी दीप्तिमान प्रतिपिंडांच्या साहाय्याने दाखवले होते की या जीवाणूची नवी भित्ती पेशीच्या मध्यभागी, विभाजनाच्या पट्ट्यात तयार होते. 2006 साली फ्रेड्रिक कार्लसन यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केले की एम-प्रथिनाचा संकेतखंड त्याला याच विभाजनपट्ट्यात नेतो, तर फायब्रोनेक्टिनला चिकटणाऱ्या दुसऱ्या एका भित्तिप्रथिनाचा संकेतखंड त्याला जुन्या ध्रुवाकडे नेतो. आणि दोघांचे संकेतखंड परस्परांत बदलले असता त्यांची स्थानेही बदलतात. यावरून असा निष्कर्ष निघतो की संकेतखंडात ‘बाहेर जा’ एवढाच आदेश नसून ‘अमुक ठिकाणी जा’ असाही आदेश अंतर्भूत आहे, आणि तसे असेल तर एकच द्वारक्षेत्र पुरेसे पडणार नाही. दोन्ही पक्षांची निरीक्षणे विश्वसनीय आहेत. फरक वापरलेल्या वाणांत, पेशीच्या वाढीच्या अवस्थेत आणि पाहण्याच्या तंत्रात असावा असे अनेकांना वाटते; तथापि सर्व निरीक्षणांना एका सूत्रात गोवणारी मांडणी अद्याप सर्वमान्य झालेली नाही.

याच्या जोडीला आणखी एक कोडे आहे. आर्जिनीन डिअमिनेज आणि ट्रिगर फॅक्टर ही प्रथिने वस्तुतः पेशीच्या आतल्या कामाची, आणि त्यांना ओळखता येण्याजोगा संकेतखंडही नाही; तरी ती जीवाणूच्या पृष्ठभागावर सापडतात. काही पेशी फुटून त्यांतील द्रव्य शेजारच्या पेशींवर बसते, असे कित्येकांचे म्हणणे. तर एखादा अज्ञात मार्ग अस्तित्वात असला पाहिजे, असे इतरांचे.

स्थैर्य : बंधन आणि लवचीकपणा

बाहेर आलेले प्रथिन भित्तीला धरून कसे राहते, या प्रश्नाचे उत्तर तुलनेने स्पष्ट आहे. 1986 साली एम-प्रथिनाच्या एका प्रकाराचा संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध झाला, आणि 1990 साली व्हिन्सेंट फिशेटी यांनी दाखवले की अशा अनेक भित्तिप्रथिनांच्या शेवटाकडे पाच अमिनो आम्लांचा एक समान क्रम आढळतो. ओलाफ श्नेविंड यांच्या गटाने 1999 साली स्टॅफिलोकोकस जीवाणूत सॉर्टेज हे विकर शोधून काढले : ते विकर या पंचकातील थ्रिओनीन आणि ग्लायसीन यांच्यामधला बंध तोडते आणि प्रथिनाचे तुटलेले टोक भित्तीच्या घटकाला कायमचे जोडते. स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिसमध्येही हेच विकर कार्य करते, आणि त्याचे जनुक निकामी केल्यास एम-प्रथिन भित्तीवर बसू शकत नाही, हे 2002 पासून ज्ञात आहे.

स्थैर्याचा याहून आश्चर्यकारक दाखला ऑस्ट्रेलियाच्या शेजारी, न्यूझीलंडमध्ये मिळाला. ऑकलंड विद्यापीठात एडवर्ड बेकर यांच्या गटाने 2007 साली या जीवाणूच्या केशसदृश तंतूंची रचना उलगडली, तेव्हा त्या तंतूतील प्रथिनाच्या पोटात लायसीन आणि ॲस्पॅरजीन यांना जोडणारे असे पक्के रासायनिक बंध दिसून आले की जे प्रथिन स्वतःच, कोणत्याही विकराच्या मदतीवाचून, घडी पडताना निर्माण करते. विच्छेदक विकरांनी भरलेल्या परिसरात उघड्यावर राहावयाच्या प्रथिनाला या बंधांनी मोठे संरक्षण मिळते.

यावरून प्रथिन जितके पक्के तितके जीवाणूला हितकर असा समज होणे साहजिक आहे. परंतु एम-प्रथिनाने त्याला छेद दिला. या प्रथिनाचे दोन धागे परस्परांभोवती पिळलेले असतात, आणि त्या पिळात ठिकठिकाणी अनियमितता असल्यामुळे तो सैल राहतो. 2008 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अमिनो आम्लांत फेरफार करून तो पीळ नियमित व घट्ट केला, तेव्हा प्रथिन अधिक स्थिर झाले खरे, पण रक्तातील फायब्रिनोजेनला धरण्याची त्याची शक्ती क्षीण झाली. म्हणजे सैलपणा हा या प्रथिनाच्या कार्याचा भाग होय. भित्तीला बांधलेले टोक अचल आणि बाहेरचा दांडा चंचल, अशी ही द्विविध रचना आहे. लसीसाठी एम-प्रथिनाचा एखादा तुकडा निवडणाऱ्याला हे वैशिष्ट्य दुर्लक्षून चालत नाही, कारण प्रतिपिंड तयार होतात ते तुकड्याच्या आकृतीविरुद्ध, आणि दांड्यातून सुटा काढलेला तुकडा ती आकृती आपोआप राखीत नाही.

विघटन : लाभ की हानी

एलियट यांनी 1945 साली वर्णिलेले विकर आज स्पेबी या नावाने ओळखले जाते. ते निष्क्रिय रूपात बाहेर पडते आणि पुढे स्वतःचाच काही भाग तोडून क्रियाशील होते. पेशींची वाढ मंदावल्यावर त्याचे उत्पादन वाढते, आणि तेव्हा ते एम-प्रथिनासह अनेक भित्तिप्रथिनांवर आघात करते. या विघटनाचा अर्थ काय, याविषयी तीन मते पुढे आली आहेत.

पहिल्या मताप्रमाणे स्पेबी हे आक्रमणाचे हत्यार आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेतील काही प्रयोगांत हे जनुक निकामी केलेल्या जीवाणूंची उंदरांतील मारकता घटलेली आढळली, आणि ऊतींचा नाश करण्यात या विकराचा वाटा असल्याचे दिसून आले.

दुसरे मत याच्या उलट असून त्याची सर्वांत भक्कम मांडणी ऑस्ट्रेलियात झाली. वुलनगाँग विद्यापीठात, आणि पुढे क्वीन्सलंड विद्यापीठात, मार्क वॉकर यांच्या गटाने एम-1 या प्रकाराच्या जगभर पसरलेल्या एका वाणाचा अभ्यास केला. सॅन डिएगो येथील सहकाऱ्यांसह 2007 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखवले की शरीरात शिरलेल्या जीवाणूंपैकी ज्यांच्या कॉव्हएस या नियामक जनुकात उत्परिवर्तन झालेले असते, त्यांचे स्पेबीचे उत्पादन जवळजवळ बंद पडते. त्यामुळे भित्तीवरील एम-प्रथिन शाबूत राहते, रक्तातील प्लाझ्मिन हे गुठळी विरघळवणारे विकर जीवाणूच्या अंगावर साचते, आणि त्याच्या बळावर जीवाणू खोल ऊतींत मार्ग काढतो. विघटन थांबले की आक्रमण वाढते, असा या मताचा सारांश.

तिसरे मत या दोहोंत मेळ घालू पाहते. कॉव्हएस बिघडलेले जीवाणू रक्तात मारक ठरत असले तरी पेशींना चिकटून वसाहत करण्यात ते उणे पडतात, असे 2010 साली दिसून आले. तेव्हा घशात आणि कातडीवर टिकून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्यास स्पेबी उपयोगी, आणि रक्तात शिरल्यावर त्याचा अभाव उपयोगी, असा काल-स्थलाचा भेद या मताचे प्रतिपादक करतात. त्यांनाही एक हरकत लागू पडते : एम-1 मध्ये जे घडते ते इतर प्रकारांत त्याच प्रमाणात घडत नाही, आणि टेरिटरीत तर एकाच वस्तीत अनेक प्रकार एकाच काळी फिरत असतात.

विघटन म्हणजे निव्वळ नाश, हेही पूर्णांशाने खरे नाही. स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांनी 1995 साली दाखवले की स्पेबीने कापून सुटे केलेले भित्तिप्रथिनांचे तुकडे क्रियाशील असतात. आणि 2004 साली असेही आढळले की भित्तीवरून सुटलेले एम-प्रथिन फायब्रिनोजेनशी संयोग पावून तीव्र दाह उत्पन्न करू शकते. म्हणजे भित्ती सोडल्यानंतरही प्रथिनाचे कार्य संपत नाही.

शेजारचे दाखले

हे प्रश्न एकाच जीवाणूपुरते मर्यादित नाहीत, हे ऑस्ट्रेलियातीलच दोन उदाहरणांवरून दिसते. शिगेला फ्लेक्सनेरी या अतिसाराच्या जीवाणूला दोन पटले असतात, आणि त्याचे इक्सए हे प्रथिन बाह्यपटलावर एकाच ध्रुवाशी बसून त्याला मानवी पेशीत गती देते. इक्सपी नावाचे विकर ते प्रथिन कापून सोडून देते. ॲडलेड विद्यापीठात रेनाटो मोरोना यांच्या गटाने बाह्यपटलावरील शर्करायुक्त मेदाच्या साखळ्यांची लांबी आणि इक्सएचे कार्य यांचा संबंध तपशीलवार तपासला. त्याचे तात्पर्य असे की पृष्ठभागावरील प्रथिनाचे भवितव्य त्याच्या शेजारी काय उभे आहे यावरही अवलंबून असते.

दुसरे उदाहरण हिरड्यांच्या रोगाशी निगडित असलेल्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जीवाणूचे. मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स, पॉल व्हीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या विच्छेदक विकरांच्या शेवटी असलेला एक विशेष खंड ओळखला : प्रथिन बाह्यपटलापार गेल्यावर तो खंड कापला जातो आणि प्रथिन पटलावरील शर्करायुक्त मेदाला जोडले जाते. हे कापणे-जोडणे करणारे विकर सॉर्टेजच्या कुळातील नव्हे, तरी काम तेच करते. भिन्न कुळांच्या जीवाणूंत निसर्गाने एकाच गरजेवर स्वतंत्रपणे सारखीच तजवीज केली, यावरून त्या गरजेचे महत्त्व ध्यानात येते.

लसीच्या वादातील पक्ष

वर वर्णिलेले ज्ञान प्रत्यक्ष व्यवहारात उतरते ते लसीच्या प्रश्नात, आणि तेथेही तीन मार्ग आहेत.

एम-प्रथिनाचे बाहेरचे टोक प्रत्येक प्रकारात निराळे असते. त्याविरुद्धचे प्रतिपिंड प्रबळ असतात, परंतु बहुधा त्या-त्या प्रकारापुरतेच. म्हणून अमेरिकेत तीस प्रकारांची टोके एकत्र गुंफून लस बनवण्यात आली. टेरिटरीतील प्रकारांचे वैविध्य पाहता ती तेथे कितपत पुरेल, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप.

मायकेल गुड यांनी प्रथम ब्रिस्बेन येथे आणि नंतर ग्रिफिथ विद्यापीठात दुसरा मार्ग धरला : प्रथिनाचा भित्तीजवळचा भाग सर्व प्रकारांत जवळजवळ समान असतो, म्हणून त्यातील जे-8 नावाचा लहान तुकडा त्यांनी लसीसाठी निवडला. हा भाग भित्तीलगत दडलेला असल्याने प्रतिपिंडांना तो कितपत गाठता येईल, अशी शंका घेतली जाते. शिवाय कॉव्हएस बिघडलेले जीवाणू स्पायसेप हे विकर अधिक प्रमाणात तयार करून, भक्षकपेशींना पाचारण करणारे रासायनिक संदेश तोडून टाकतात. म्हणून गुड यांच्या गटाने जे-8 सोबत स्पायसेपचा तुकडा जोडला, आणि उंदरांत त्याचा लाभ दिसून आला. लक्षणीय गोष्ट ही की स्पायसेप हे स्वतः विच्छेदक विकर असूनही सॉर्टेजनेच भित्तीला बांधलेले असते.

तिसरा मार्ग एम-प्रथिनाला पूर्णपणे वगळतो. त्याचे काही भाग हृदयाच्या मायोसिनशी साम्य राखतात, त्यामुळे प्रतिपिंड हृदयावरच उलटून, जी लस संधिज्वर टाळण्यासाठी द्यावयाची तीच त्याला निमंत्रण देईल की काय, ही भीती जुनी आहे. वॉकर यांच्या गटाने पाच इतर प्रथिनांचे मिश्रण तयार केले; त्यात स्पायसेप आहे, आणि संकेतखंड नसलेली जी दोन प्रथिने वर उल्लेखिली तीही आहेत. माकडांवरील प्रयोगात या मिश्रणाने घशाच्या विकाराची लक्षणे कमी केली, पण जीवाणूची वसाहत रोखली नाही. मेलबर्नच्या डोहर्टी संस्थेतील मार्क डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली 2,083 जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध केली, आणि कोणते लक्ष्य किती वाणांत समान आहे हे पडताळण्याचे साधन त्यामुळे सर्व पक्षांच्या हाती आले.

अनिर्णित मुद्दे

जनुक उपस्थित असणे म्हणजे प्रथिन भित्तीवर उपस्थित असणे नव्हे, आणि येथेच या तिन्ही प्रश्नांची गाठ पडते. एखाद्या क्षणी भित्तीवर किती एम-प्रथिन उभे आहे, हे ते किती वेगाने बाहेर येते, किती पक्के बांधले जाते आणि किती वेगाने कापले जाते, यांच्या ताळ्यावर ठरते. त्यातील एकेक रक्कम प्रयोगशाळेतील द्रवमाध्यमात मोजली गेली आहे. परंतु मुलाच्या घशात किंवा खरजेने फुटलेल्या कातडीवर तिन्ही रकमा एकाच वाणात, एकाच वेळी मोजण्याचे काम बाकी आहे. घसा आणि कातडी हा भेद येथे गौण नाही, कारण डार्विनमधील संशोधकांनी 2004 साली असा पक्ष मांडला की टेरिटरीत संधिज्वराचे मूळ घशापेक्षा कातडीच्या संसर्गात असू शकेल. तो पक्ष खरा ठरल्यास ज्या परिस्थितीत भित्तिप्रथिनांचा अभ्यास करावयाचा ती परिस्थितीच बदलते.

याला जोडून आणखी तीन मुद्दे उरतात : स्रवणाचे द्वारक्षेत्र एक की अनेक, एम-1 खेरीज इतर प्रकारांत कॉव्हएसच्या बिघाडाचे महत्त्व किती, आणि माणसात कोणते प्रतिपिंड किती प्रमाणात असल्यास खरे संरक्षण मिळते. शेवटच्या मुद्द्यावर मेलबर्नमधील मर्डॉक बालसंशोधन संस्थेने निरोगी प्रौढ स्वयंसेवकांच्या घशात एम-75 प्रकारचा जीवाणू नियंत्रित रीतीने घालून अभ्यास करण्याची पद्धत सिद्ध केली आहे. त्या पद्धतीने माणसाच्या घशातील भित्तिप्रथिनांची स्थिती दिवसागणिक पाहता येणे शक्य झाले असून, तिचा उपयोग लसीची परीक्षा घेण्यापुरताच न राहता स्रवण आणि विघटन यांच्या मापनासाठीही व्हावा, असे सुचवणे अवाजवी होणार नाही.

2018 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने संधिज्वर व तज्जन्य हृदयविकार यांच्या निवारणाचा ठराव मंजूर केला. त्या ठरावाची पूर्ती केवळ लसीने होणार नाही. प्रशस्त घरे, वाहते पाणी आणि वेळेवर मिळणारे पेनिसिलिन यांची जागा कोणतीही लस घेऊ शकत नाही, आणि टेरिटरीतील आरोग्यसेवक हे पुनःपुन्हा सांगत आले आहेत. तथापि लसीचा जो भाग विज्ञानाकडे येतो, त्यात यापुढील प्रत्येक उमेदवार प्रथिनाला तीन प्रश्न एकत्र विचारले गेले पाहिजेत : ते भित्तीवर कोठे येते, तेथे कोणत्या आकृतीत टिकते, आणि संसर्गाच्या कोणत्या टप्प्यावर नाहीसे होते. तीनही पक्षांची लस याच कसोटीवर समान निकषाने तपासता येईल. आणि ज्या मुलांसाठी हा सगळा खटाटोप चालला आहे त्यांच्या घशात आणि कातडीवर वावरणाऱ्या वाणांवर ती कसोटी लावली गेली, तरच तिच्या निकालाला अर्थ राहील.